‘आज त्यानं तिच्यावर प्रेम करणं थांबवलं’ : कंट्री संगीतातलं सगळ्यात दुःखी गाणं नेमकं दुःखी का आहे?

ब्रेकअप झालेल्या मित्राबद्दल कुणी येऊन सांगितलं की, ‘अरे, आज त्यानं तिच्यावर प्रेम करणं थांबवलं’, तर आपण काय म्हणू? चला, सुटला बिचारा एकदाचा. मूव्ह ऑन झाला.

अमेरिकन गायक जॉर्ज जोन्सचं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे १९८० सालचं गाणं नेमकं याच गैरसमजावर उभं आहे. शीर्षक वाचून आनंदाची बातमी वाटते. सव्वातीन मिनिटांनी गाणं संपतं तेव्हा तेच वाक्य ऐकताना पोटात खड्डा पडलेला असतो. वाक्यातला एकही शब्द बदललेला नसतो.

कंट्री संगीतातल्या सर्वोत्तम गाण्यांच्या याद्या निघतात तेव्हा हे गाणं पहिल्या काही क्रमांकांत असतं, बरेचदा पहिलंच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीतही ते घेतलंय. पण इंग्रजी येत असूनही आपल्याकडच्या अनेकांना ते पहिल्यांदा ऐकताना ‘ठीक आहे, जुनं स्लो गाणं आहे’ एवढंच वाटतं. त्यात ऐकणाऱ्यांचा दोष नाही. या गाण्यातल्या दोन-तीन खुणा अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या माणसाला न सांगता कळतात आणि आपल्याला कळत नाहीत. त्या कळल्या की गाणं एकदम उघडतं.

गाण्यात होतं काय?

गोष्ट सांगणारा तिसराच माणूस आहे. मित्र असेल, शेजारी असेल. तो एका पुरुषाबद्दल सांगतोय. त्या पुरुषानं एका बाईला सांगितलं होतं की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. ती म्हणाली होती, काळ जाईल तसं विसरशील. काळ गेला, पण हा विसरला नाही. भिंतीवर तिचा फोटो, उशाशी जुनी पत्रं. पत्रांवर साल १९६२. त्या पत्रांत जिथे जिथे प्रेमाची कबुली आहे, तिथे तिथे यानं लाल शाईनं रेघ मारून ठेवलीय.

मग सांगणारा म्हणतो की तो आजच त्याला भेटून आला. आज डोळ्यांत पाणी नव्हतं. कपडे एकदम नीटनेटके, कुठेतरी जायच्या तयारीत. आणि कित्येक वर्षांनी चेहऱ्यावर हसू होतं.

इथपर्यंत सगळं छान चाललंय. यानंतर ध्रुवपद येतं, त्यात शीर्षकाचं वाक्य येतं आणि पाठोपाठ येतो दारावरचा फुलांचा हार.

अमेरिकन श्रोत्याला इथे धक्का बसतो. आपल्याला बसत नाही, कारण दारावर फुलं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोरण येतं. फार तर ख्रिसमसला लावतात तो गोल हार आठवतो. दोन्ही मंगल. पण अमेरिकेत, विशेषतः जुन्या पिढ्यांत, घरात मृत्यू झाला की दारावर हार लावायची पद्धत होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं की या घरात सुतक आहे.

आता मागे जाऊन तेच कडवं पुन्हा पाहा. नीटनेटके कपडे? आपल्याकडे बहुतेक हिंदू घरांत माणूस गेला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी अंत्यविधी उरकतात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धापासून मृतदेहावर औषधी प्रक्रिया करून तो टिकवायची पद्धत रुळली. त्यामुळे देहाला सूट घालतात, केस विंचरतात, पेटी उघडी ठेवतात आणि लोक एक-दोन दिवस दर्शनाला येत राहतात. म्हणजे सांगणारा ‘भेटून आलो’ म्हणतो ती भेट हीच होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, कारण ते डोळे आता उघडणारच नव्हते.

आणि ते हसू? अंत्यविधीची व्यवस्था पाहणारी माणसं मृताचा चेहरा शांत, प्रसन्न दिसावा म्हणून मेहनत घेतात. गाणं यावर काही बोलत नाही. पण एक शक्यता मनात येतेच, की कित्येक वर्षांनी दिसलेलं ते हसूसुद्धा दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं आहे. दुसरा अर्थही तितकाच खरा ठरू शकतो, की त्याचा त्रास संपला म्हणून तो हसतोय. गाणं दोन्ही अर्थ उघडे ठेवतं.

गंमत म्हणजे ‘मेला’ हा शब्द अख्ख्या गाण्यात त्याच्याबद्दल बातमी म्हणून कुठेच येत नाही. मरणाचा उल्लेख एकदाच आहे, अगदी सुरुवातीला, त्याच्या वचनात. मरेपर्यंत प्रेम करीन. असं वाक्य सिनेमात, गाण्यात, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर इतक्या वेळा येतं की कुणी त्याकडे लक्षही देत नाही. इथल्या माणसानं ते शब्दशः पाळलं.

लपवण्यात माहीर असलेले दोन लेखक

हे गाणं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी लिहिलं. दोघंही नॅशव्हिलचे. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताचं मुंबई म्हणा. स्टुडिओ, कंपन्या, गीतकार सगळं तिथेच. १९२५ साली सुरू झालेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रमही तिथलाच, आणि तो आजही चालू आहे.

या दोघांची आधीची कामं पाहिली की त्यांची पद्धत लक्षात येते. पुटमननं १९६० च्या दशकात ‘ग्रीन, ग्रीन ग्रास ऑफ होम’ लिहिलं. टॉम जोन्सच्या आवाजात ते १९६६ साली जगभर गाजलं. एक माणूस गावी परत आलाय, आई-वडील स्टेशनवर घ्यायला आलेत, प्रेयसी धावत येतेय. मग तो जागा होतो. ते स्वप्न होतं. तो तुरुंगात आहे आणि आज त्याच्या फाशीचा दिवस आहे. गावी तो परतणारच, पण त्या हिरव्या गवताखाली पुरायला.

दोघांनी मिळून १९६८ साली टॅमी वायनेटसाठी ‘डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई’ लिहिलं. त्यातली आई घटस्फोटाबद्दल बोलताना अवघड शब्दांची स्पेलिंगं सांगते. का? तर चार वर्षांचा मुलगा शेजारी आहे, त्याला अजून स्पेलिंग कळत नाहीत, तोवर त्याच्यापासून लपवता येईल म्हणून. घरात लहान मूल असलेल्या कुणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल.

तीन गाणी, तीन वेगळी दुःखं, पण काम करायची रीत एकच. जो शब्द सगळ्यात जास्त दुखावणार आहे, तो उच्चारायचाच नाही. श्रोत्याला तो स्वतः शोधू द्यायचा. आपण स्वतः शोधलेली वाईट बातमी जास्त लागते. फोनवर ‘बाबा सिरीयस आहेत, लगेच निघ’ असं ऐकून एसटीत बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच या गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा रीलवर लावला तर तो काम करत नाही. नुसतं ध्रुवपद कापून घेतलं तर एक तर ते मूव्ह ऑनचं गाणं वाटतं, नाहीतर शेवट आधीच फुटतो. ते वाक्य लागायला आधी दीड मिनिट त्या माणसाच्या खोलीत बसावं लागतं.

आधीच्या मसुद्यात एक अडचण होती, ती अशी की माणूस फार लवकर मरत होता. निर्माता बिली शेरिल याला ते पटेना. त्यानं दोघांकडून गाणं पुन्हा पुन्हा लिहून घेतलं. त्याला आणखी एक गोष्ट हवी होती. ती बाई अंत्यदर्शनाला आली पाहिजे.

तो भाग गाण्यात आला, आणि तो गायलेला नाही, बोललेला आहे. ती आली, शेवटचं बघायला. येईल की नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. ‘सगळ्यांना’ हा शब्द महत्त्वाचा. तोवर आपल्याला वाटत असतं की हे एका माणसाचं खासगी दुःख आहे. इथे कळतं की अख्ख्या गावाला माहीत होतं. कुठल्याही मयताला जमलेली माणसं आठवा. खाली मान घालून बसलेली, पण फाटकाचा आवाज झाला की सगळ्यांची नजर तिकडे. कोण आलं, कोण नाही आलं. अठरा वर्षं गाव या माणसाकडे बघत होतं आणि आज ते तिच्याकडे बघतंय.

ती काय बोलली, रडली का, पेटीजवळ किती वेळ उभी राहिली, यातलं काहीच गाणं सांगत नाही.

गाता गाता मध्येच बोलायला लागायची ही रीत कंट्रीत जुनी आहे. हँक विल्यम्ससारखा मोठा गायक ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या वेगळ्या नावानं अशी निवेदनवजा गाणी रेकॉर्ड करायचा. आपल्याकडे कीर्तनकार पद गाता गाता थांबून साध्या बोलण्यावर येतात किंवा शाहीर पोवाड्यात मध्येच गद्यात शिरतो, तेव्हा श्रोते सावरून बसतात. तसंच इथे होतं. सूर थांबला की माणूस आता खरं सांगतोय असं वाटतं.

आणि गायकालाच गाणं आवडलं नव्हतं

जॉर्ज जोन्सचा जन्म १९३१ सालचा, टेक्सासच्या पूर्व भागातला. वडील दारू पिऊन रात्री घरी यायचे आणि झोपलेल्या मुलांना उठवून गायला लावायचे, हे त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय. पोरवयातच तो बोमॉन्ट शहराच्या रस्त्यावर गिटार घेऊन गायचा आणि लोक पैसे टाकायचे. १९५५ पासून त्याची गाणी चालायला लागली. आणि वडिलांची दारू त्याच्याकडेही आली.

त्याच्या दारूचे किस्से अमेरिकेत दंतकथेसारखे सांगितले जातात. सगळ्यात प्रसिद्ध किस्सा असा : बायकोनं सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या, तर हा गवत कापायच्या यंत्रावर बसला आणि ते चालवत मैलोनमैल लांबच्या दारूच्या दुकानात गेला. ऐकायला धमाल वाटतं. त्या घरात राहणाऱ्यांना तसं वाटलं नसणार.

१९६९ साली त्यानं टॅमी वायनेटशी लग्न केलं. ती स्वतः कंट्रीमधली आघाडीची गायिका होती. हे लग्न १९७५ मध्ये मोडलं. घटस्फोटानंतरही दोघं एकत्र गात राहिले आणि १९७६ सालचं त्यांचं ‘गोल्डन रिंग’ पहिल्या क्रमांकावर गेलं. लग्नाच्या अंगठीची गोष्ट सांगणारं गाणं, गाणारे दोघं घटस्फोटित. लोकांना याहून जास्त काय हवं?

१९७० चं दशक संपेपर्यंत जोन्सची पुरती वाताहत झाली होती. दारूच्या जोडीला कोकेन आलं. दिवाळखोरी जाहीर करावी लागली. मानसोपचार रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. ठरलेल्या कार्यक्रमांना तो इतक्या वेळा उगवला नाही की त्याचं नावच ‘नो शो जोन्स’ पडलं.

अशा अवस्थेत शेरिलनं हे गाणं त्याच्यासमोर ठेवलं. जोन्सचं मत ठाम होतं. फार लांब आहे, फार उदास आहे, असलं मरणाचं गाणं कुणी विकत घेणार नाही. ते पहिल्या क्रमांकावर जाणार नाही यावर त्यानं शेरिलशी शंभर डॉलरची पैजही लावली.

रेकॉर्डिंगचे किस्से शेरिल नंतर रंगवून सांगायचा. जोन्स या गाण्याची चाल सारखी दुसऱ्याच गाण्यात नेऊन सोडायचा. ते दुसरं गाणं म्हणजे क्रिस क्रिस्टॉफरसनचं ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’. खरी अडचण मात्र बोलण्याच्या भागात होती. प्यायलेला असला तरी जोन्सला गाता यायचं, बोलता यायचं नाही. जीभ जड व्हायची. मोजक्या चार ओळी, पण त्या स्वच्छ बोललेल्या मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं, असं शेरिल सांगायचा. त्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी हे खरं की गाण्यातला सगळ्यात साधा भाग सगळ्यात अवघड ठरला.

एप्रिल १९८० मध्ये गाणं बाजारात आलं आणि जुलैमध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पाच वर्षांहून जास्त काळानंतर जोन्सचं एकट्यानं गायलेलं गाणं तिथे पोहोचलं होतं. पैज हरला. त्याला आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळालं. कंट्री म्युझिक असोसिएशननं ‘वर्षातलं सर्वोत्तम गाणं’ हा पुरस्कार याच गाण्याला सलग दोन वर्षं दिला, १९८० आणि १९८१. आत्मचरित्रात जोन्स हिशेबच मांडतो : आयोजकांना ज्याच्या येण्याची खात्री नसायची असा अडीच हजार डॉलरचा गायक या गाण्यानंतर पंचवीस हजार डॉलर आणि वर तिकीटविक्रीतला वाटा घ्यायला लागला.

दारू मात्र लगेच सुटली नाही. त्यासाठी चौथी बायको नॅन्सी हिची कित्येक वर्षांची चिवट खटपट लागली आणि शेवटी १९९९ चा जीवघेणा कार अपघात. गाण्यानं करिअर वाचवलं, माणूस नाही. चाहत्यांच्या लेखांत या दोन गोष्टींची बरेचदा गल्लत होते.

आवाजात काय ऐकायचं?

शब्द कळले तरी गाणं अर्धंच कळतं. उरलेलं आवाजात आहे. आणि इथे भारतीय कानांना उलट थोडी सोयच आहे.

जोन्स तोंड फार उघडत नाही. दात जवळजवळ मिटलेले, आवाज घशाच्या मागून येतो. शब्द सरळ सुरावर ठेवण्याऐवजी तो त्याला थोडं खालून उचलतो, वाकवतो, मग जागेवर आणतो. आपल्याकडे मींड म्हणतात त्याच्या जवळचं काहीतरी. कंट्रीतलं पेडल स्टील हे वाद्यही असंच सुरांवरून घसरत जातं. त्याचं मूळ हवाईच्या गिटारमध्ये आहे. तीच हवाईयन गिटार आपल्याकडेही आली. व्हॅन शिप्लीच्या हातून ती हिंदी सिनेगीतांच्या रेकॉर्डवर वाजली आणि पुढे ब्रिजभूषण काब्रा, विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यावर राग वाजवले. त्यामुळे कंट्रीतलं ते रडकं गिटार ऐकून जुनी हिंदी गाणी आठवली, तर ती आठवण अगदीच उगाच नाही.

या गाण्यात सुरुवातीला वाद्यं जवळजवळ नाहीत. माउथ ऑर्गनचा सूर मध्येच येऊन जातो. जोन्स खालच्या पट्टीत, बातमी सांगावी तसा गातो. पत्रं, लाल शाई, फोटो, सगळं एकाच सपाट सुरात. ध्रुवपदाला व्हायोलिनं वर चढायला लागतात. शेरिलला व्हायोलिनांचा सोस होता आणि अनेकदा तो सोस गाण्यावर बसायचा. इथे मात्र ती चढणारी व्हायोलिनं बरोबर जागी आहेत, कारण नेमकं तेव्हाच आपल्याला कळत असतं की वर कोण चाललंय. मागे एका बाईचा उंच, शब्दाविना आवाज येतो. तो मिली कर्कमचा. एल्विस प्रेस्लीच्या ‘ब्लू ख्रिसमस’मध्ये मागून येणारा आवाजही तिचाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जोन्स रडत नाही. एवढ्या दुःखी गाण्यात त्याचा आवाज कुठेच फुटत नाही. तो गोष्ट सांगणारा आहे, मेलेला माणूस नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. आजकालच्या कव्हर व्हर्जन्समध्ये गायक ध्रुवपदावर गळा काढतात आणि तिथेच गाणं हातातून जातं.

हे प्रेम आहे की वेड?

आज हे गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडेल आणि पडायलाच हवा. ती नाही म्हणून निघून गेली, तरी हा अठरा वर्षं तिचा फोटो लावून बसलाय. ‘एकतर्फी प्रेमातून’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या बातम्या आपण सतत वाचतो. नकार न पचवणाऱ्या पुरुषाचं कौतुक करणारी गाणी आपल्याकडेही कमी नाहीत. मग याला महान का म्हणायचं?

पहिली गोष्ट, हे सुरुवातीपासून एकतर्फी नव्हतं. पत्रं कुणी लिहिली हे गाणं थेट सांगत नाही. पण माणूस स्वतः लिहून पाठवलेली पत्रं उशाशी ठेवत नाही, आलेली ठेवतो. म्हणजे १९६२ मध्ये ते शब्द तिनं लिहिले होते. लाल रेघांचा अर्थ मग वेगळाच लागतो. तो पुरावे गोळा करतोय. आपण कल्पना केली नव्हती, कधीकाळी हे खरंच होतं, हे स्वतःला पटवून द्यायचं म्हणून मारलेल्या त्या रेघा आहेत. जुने चॅट वर वर स्क्रोल करून ‘हे बघ, तेव्हा तर ती असं म्हणाली होती’ म्हणणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही.

दुसरी गोष्ट, तो तिच्या मागे गेला असं गाणं कुठेही म्हणत नाही. दार ठोठावलं नाही, धमकी दिली नाही. ती परत येईल या आशेवर तो आपल्या खोलीत राहिला. यानं तो आदर्श ठरत नाही. मधूनमधून तो अर्धवेडा व्हायचा, हे गाणं लपवत नाही. त्याचं आयुष्य वाया गेलं हेही लपवत नाही.

तिची बाजू मात्र गाण्यात नाही, आणि ही या गाण्याची खरी मर्यादा आहे. तिनं खरं तर सगळ्यात शहाणपणाचं वाक्य बोललंय. विसरशील, असं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. तिच्याकडून चूक एवढीच झाली की या माणसाचा अंदाज चुकला. आणि तरी दर्शनाला जमलेल्यांच्या नजरा तिच्यावरच आहेत. गाणं तिला दोष देत नाही, पण सोडवतही नाही. तिच्या बाजूनं हीच गोष्ट सांगणारं गाणं कुणीतरी लिहायला हवं होतं.

१९८० मध्ये श्रोत्यांनी मात्र हा सगळा विचार केला नाही. त्यांनी सरळ ‘तो’ म्हणजे जोन्स आणि ‘ती’ म्हणजे टॅमी असं धरून टाकलं. गाणं त्यांच्याबद्दल लिहिलेलं नव्हतं. जोन्सच्या आधी ते जॉनी रसेल या गायकानं रेकॉर्डही करून पाहिलं होतं. पण लोकांनी जे ऐकलं ते ऐकलं. गाण्याच्या प्रसिद्धीत या गॉसिपचा वाटा आहेच.

शेवटी त्याच्याच अंत्यसंस्कारात

२६ एप्रिल २०१३ रोजी नॅशव्हिलमध्ये जोन्सचं निधन झालं. वय ८१. २ मे रोजी ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या सभागृहात त्याला निरोप दिला गेला. कार्यक्रमाच्या अखेरीस गायक अ‍ॅलन जॅक्सन उठला आणि त्यानं हेच गाणं म्हटलं. शेवटी डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. नॅशव्हिलच्या वुडलॉन दफनभूमीत जोन्सच्या स्मारकाच्या कमानीवर याच गाण्याचं नाव कोरलेलं आहे. १९९८ मध्ये गेलेली टॅमी वायनेटही त्याच दफनभूमीत आहे.

यानंतर काय ऐकायचं?

कंट्रीतला विरह आणखी ऐकायचा असेल तर हँक विल्यम्सचं ‘आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय’ (१९४९) आधी ऐका. त्यात गोष्ट नाही, नुसती रात्र आहे. मग पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’ (१९६१), जे विली नेल्सननं लिहिलं. डॉली पार्टनचं ‘जोलीन’ (१९७३) ऐकताना एवढंच लक्षात ठेवा की ते नवऱ्याला उद्देशून नाही, नवरा ज्या बाईकडे ओढला जातोय त्या बाईला घातलेली विनवणी आहे.

आणि जोन्सचंच आणखी एक, ‘द ग्रँड टूर’ (१९७४). यात एक माणूस पाहुण्याला आपलं घर दाखवतोय. ही खुर्ची, हा पलंग, हे कपाट. घर विकायला काढलंय का, असं वाटत राहतं. शेवटी बाळाच्या खोलीपर्यंत आलो की कळतं, बायको बाळाला घेऊन निघून गेलीय. हे गाणं लिहिणाऱ्या तिघांपैकी एक होता जॉर्ज रिची. टॅमी वायनेटनं १९७८ मध्ये ज्याच्याशी लग्न केलं, तो हाच.